एका हातातला मोजा

बसा पाच मिनिटं. जेमचे वडील गाडी घेऊन येईपर्यंत खाली थंडीत कुडकुडण्यापेक्षा इथं चर्चच्या घंटाघरात बरं. घंटांचे दोर नीट गुंडाळून टांगा आणि थर्मासमधला चहा संपवून टाका. प्रू, तू खिडकीशी नको बसू, तिथून कबरी दिसतात. बरं, बस. गोष्ट त्यांचीच आहे.

क्लेम प्रिंगला तुम्ही ओळखता. बेकरीवाला. क्लेम पीत नाही आणि थापाही मारत नाही, ते खातं माझ्याकडं आहे. त्यानं हे मला एकदाच सांगितलं.

गेल्या ऑक्टोबरमधला शेवटचा शनिवार. घड्याळं तासभर मागं घेतात ती रात्र, म्हणजे दोन वाजायला आले की पुन्हा एक. ॲशमोर हॉलवर जुन्या पोशाखांचा नाच होता, आणि क्लेमची पोरगी हेटी झाली होती लेडी थिओडोरा. या थिओडोराचं चित्र तिथंच जिन्यात टांगलंय, तुम्ही शाळेतून जाऊन पाहिलंच असेल. हातभर उंच केस, पांढराफटक चेहरा, एका हातात हातमोजा, दुसरा हात उघडा. अडीचशे वर्षांपूर्वी ही बाई जे करील ते सगळं लंडन करायचं. हिनं केस उंच बांधले, सगळ्यांनी बांधले. मग बग्गीत डोकी मावेनात, म्हणून भल्या घरच्या बायका बग्गीच्या तळाशी गुडघे टेकून जायच्या. एकदा नाचात हिचा मोजा हरवला, तर आठवड्याभरात निम्म्या शहराचा एकेक मोजा हरवला.

हसा, हसा. पुढं तिनं तोंडाला शिशाचा सफेदा फासला. बाकीच्यांनीही फासला. सफेद्यानं कातडी खाल्ली की ती झाकायला आणखी सफेदा. शेवटी ती पडदे ओढून अंधारात बसायची, दिवा आणू द्यायची नाही. सव्विसाव्या वर्षी गेली. तिच्यासारखं दिसायला धडपडणाऱ्या आपल्या गावच्या सात पोरी त्याच वर्षी तिच्यामागं गेल्या. त्या या खिडकीखाली आहेत, ओळीनं.

तेव्हापासून गावात रीत आहे. तिचं सोंग घ्यायचं तर खुशाल घ्या, पण मोजे दोन्ही हातांत. पुरतं तिच्यासारखं व्हायचं नाही. पुरती झाली की ती पोर तिच्यामागं जाते, असं माझी आजी सांगायची.

निघताना क्लेमनं विचारलं, "मोजे?"

हेटीनं दोन्ही हात त्याच्या नाकासमोर नाचवले. "हे बघ, दोन. झालं समाधान? दीडला न्यायला या, बाबा. आणि पावाचीच गाडी आणा, आपल्या छोट्या गाडीत हे डोकं मावायचं नाही."

क्लेम वेळेचा पक्का. बरोबर दीडला हॉलसमोर हजर. त्या रात्री दीड दोनदा वाजतो, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

आत वाजंत्री चालू होती. तो थांबला. पावणेदोनला पायऱ्यांवरून ती उतरली. उंच केस. पांढरा चेहरा. क्लेमनं मागचं दार उघडलं. पावाच्या ट्रेंमध्ये ती गुडघे टेकून बसली.

"राणीसाहेब, पाव चिरडू नका हं," क्लेम म्हणाला.

ती बोलली नाही. दमली असेल, त्याला वाटलं. रस्त्यावर धुकं होतं. तो हळू चालवत होता.

"मजा आली का?"

"पायाला फोड आले असतील. आईनं सांगितलं होतं ते बूट नको म्हणून."

त्यानं आरशात पाहिलं. ट्रेच्या कडेवर एक हात होता. उघडा.

"हेटी, तुझा दुसरा मोजा कुठं गेला?"

श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. जुनं कपाट उघडल्यावर येतो तसला वास मात्र येत होता.

समोरच्या फोनवर दोन वाजायचे, ते एक वाजले. आणि फोन घणघणला.

हेटी.

"बाबा, निघालात का हो? अजून अर्धा तास आहे, सावकाश या. इथं मस्त चाललंय."

क्लेमला मागं बघवेना. पण हेटी तिकडं होती. आणि हिला घेऊन तिकडं जायचं...? त्यानं गाडी थांबवली. उतरला. मागं गेला. दार उघडलं.

ट्रे. पाव. कोणी नाही.

छताला, तिचं डोकं लागलं असेल तिथं, पांढरा पट्टा उमटला होता. पावाची गाडी आहे, पीठ असायचंच, असं त्यानं मनाला समजावलं. पण तळाशी एक मोजा पडला होता. लांब, कातडी, पिवळा पडलेला. त्यानं तो कुंपणापलीकडं भिरकावला आणि गाडी वळवली.

दुसऱ्या दीडला हेटी धावत उतरली, हसत आत बसली, नाचाच्या गमती सांगू लागली. क्लेमला रडूच आलं. मग त्यानं आरशात पाहिलं. तिचा एक हात उघडा होता.

"मोजा?"

"काढला. एकच छान दिसतो."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. सुचलं असंच."

एवढंच घडलं. त्यानंतर हेटी नोव्हेंबरभर एकाच मोज्यात बँकेत कामाला गेली. मग पोस्टातली मुलगी. मग पाद्रीबाईंच्या दोघी पोरी. मी एकीला विचारलं, तर तीही म्हणाली, सुचलं असंच. नाताळात हेटीनं तोंडाला पांढरं लावायला सुरुवात केली. या सोमवारपासून ती खोलीबाहेर आलेली नाही. पडदे ओढलेले. बापाला दिवा काढून न्यायला लावला. आज सकाळी क्लेम मला म्हणाला, "टेड, काय करू मी?" मला भीती वाटते, पोरांनो, आणि ती तुम्हाला सांगितलेली बरी.

हॉर्न वाजला. चला, टोप्या घाला, पायऱ्या सांभाळून उतरा.

प्रू, थांब जरा. तुझा दुसरा मोजा...? खाली शोधू नकोस. तुझ्या खिशात आहे तो. मघाशी तूच काढून ठेवलास, मी बघत होतो. एवढ्या थंडीत का काढलास?

"माहीत नाही, काका. सुचलं असंच."