ऐनाला विचारलं होतं का?

श्रावण सरत आला, तरी प्रेमलाच्या पत्राला भास्करमास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं तरी काय?

जव्हार संस्थानच्या वाचनालयात दोघांनी एकाच पुस्तकाला हात घातला, तिथून ओळख झाली. ती मामांकडे आली होती. मास्तर शाळेत इंग्रजी कविता शिकवत, पण तिच्यासमोर त्यांना धड मराठीही बोलता येईना. मग त्यांनी कविताच लिहिली – वेल झाडाला बिलगते, धुकं डोंगराला कवेत घेतं, नदी समुद्राला मिळते. सारी सृष्टी जोडीने नांदते, मग तूच का एकटी? – आणि तिच्या पुस्तकात सरकवून दिली.

तिचं पत्र सूर्यमाळेहून आलं. तिचे वडील तिथे जंगलखात्यात रेंजर होते.

‘कविता गोड आहे,’ तिने लिहिलं होतं, ‘पण वकिली आहे. वेल, धुकं, नदी, सगळे साक्षीदार तुमच्याच बाजूचे. सारी सृष्टी “हो” म्हणाली, की मी “नाही” म्हणायचं ते कुठे उभं राहून? इथल्या देवराईत ऐनाच्या एका झाडाला नांदरुकाने आपल्या मुळ्यांनी मिठी मारली आहे. बघून जा. ऐनाला कुणी विचारलं होतं का?’

शेवटी लिहिलं होतं, दसऱ्यानंतर ती पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जाणार.

मास्तरांनी तो नकारच मानला. पण तो ऐन काही त्यांना झोपू देईना. अखेर रजा काढून, मोखाड्यावरून ते सूर्यमाळेला पोहोचले. पाड्यावरचा पुंजा वाट दाखवायला आला.

देवराईत ऐन कुठे दिसेना. दिसली ती नांदरुकाच्या मुळ्यांची जाळी, आणि आत माणूस उभा राहील एवढी पोकळी. ऐन केव्हाच कुजून गेला होता. मिठी तेवढी तशीच उभी होती. मास्तरांनी आत हात घातला. आतून गार, ओली हवा आली... कुणी श्वास सोडावा तशी.

परत फिरले आणि धुकं उतरलं. हातभर अंतरावरचं दिसेना.

“भास्कर...”

प्रेमलाचा आवाज. मऊ, अगदी कानाशी. आई गेल्यापासून त्यांना अशी नुसत्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. त्यांनी ओ द्यायला तोंड उघडलं, तोच पुंजाने मनगट धरलं.

“ओ नको देऊ, मास्तर. धुक्यातली पयली हाक माणसाची नसते. ती आपल्या मनातलंच बोलते.”

“पण आवाज तिचाच आहे.”

“आसंल. तुझे पाय कुठं हायेत, ते बघ.”

मास्तरांनी खाली पाहिलं. पुढच्या पावलाला जमीनच नव्हती.

“भास्कर... ये ना...”

किती गोड. नुसती गोडी – विचारणं कुठेच नाही. मास्तरांच्या अंगावर काटा आला. आपली कविता वाचताना तिला असंच वाटलं असेल?

तेवढ्यात मागून, पार उलट्या दिशेने आवाज आला. धापा टाकणारा, जरा वैतागलेला.

“अहो मास्तर, तिकडे कुठे निघालात? दरी आहे तिकडे.”

पुंजाने हात सोडला. “दे आता ओ,” तो म्हणाला.

डोक्यावर इरलं घेतलेली प्रेमला धुक्यातून पुढे आली. पाड्यावर तिला मास्तर आल्याचं कळलं होतं.

“पाहिलात ऐन?”

“नाही. तो... दिसलाच नाही.”

“मग कळलं म्हणायचं.” ती हसली. मास्तर काहीतरी बोलू लागले, तसा तिने हात वर केला. “पत्राचं उत्तर पत्रानेच. तोंडी घेणार नाही. आणि उपमा नकोत.”

“मघाशी... मला नावाने हाक तुम्हीच मारलीत का?”

“नावाने? इतका हक्क अजून कुठे दिलाय कुणी मला?” तिने हसत म्हटलं खरं, पण दरीकडे नजर जाताच पदर घट्ट ओढून घेतला आणि त्यांच्या जवळून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या पोस्टात मास्तर बराच वेळ टाक हातात धरून बसले. मग त्यांनी लिहिलं :

‘या पत्रात झाड नाही, डोंगर नाही. मीच आहे. माझ्याशी लग्न कराल का? पुण्याचं शिक्षण आधी पुरं करा, मी थांबेन. “नाही” लिहायला खाली जागा सोडली आहे.’

अर्धा कागद कोरा ठेवून त्यांनी घडी घातली, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.