नावातला थांबा

बेसबॉलच्या मैदानाच्या स्टँडमागे, कॉटनवुडच्या झाडाखाली उभी राहून मार्नी एका परक्या नावाशी झटत होती. मे सरत आला होता, झाडाचा कापूस सुटला होता. झुळूक आली की तो तिच्या केसांवर, हातातल्या यादीवर, ओठांवरसुद्धा येऊन बसत होता.

"नाहूपी," ती म्हणाली. फू करून कापूस उडवला. "नाहू... पाय. नाहोपाई."

"काय घोडं मारलंय त्यानं तुझं?" मागून आवाज आला. "एवढ्या शिव्या देतेयस ती."

तिनं वळून पाहिलं. खांद्याला बॅटांची पिशवी, हातात तळलेल्या मांसाच्या पट्ट्यांची पुडी, उन्हानं रापलेला एक उंच मुलगा उभा होता. हसू गालातच दाबून धरलेलं.

शिव्या नाहीत, खेळाडूचं नाव आहे, उद्यापासून माइकवर पुकारायचंय, असं मार्नीनं तोऱ्यात सांगितलं. मॉन्टानाच्या संघाचा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा. "मेल्याचं नाव आहे की कोडं, काही कळत नाही."

"मेलेला नाहीये अजून," तो म्हणाला. "समोर उभा आहे."

कापसाचा पुंजका तिच्या पापणीवर येऊन बसला. तो झटकायचंही तिला सुचलं नाही. त्यानं पुडी पुढे केली. तिनं एक पट्टी उचलली, आणि त्यानं तिला नाव शिकवलं. कविका, हे सोपं. मग नाहो, थोडं थांबायचं, ओपि, पुन्हा थांबायचं, ई. थांबायचं कशाला, तिनं विचारलं. तर तो म्हणाला, आमच्या हवाईतल्या मोलोकाई बेटावर तो थांबाही अक्षरच असतो. बोलणाऱ्यानं तो गिळला की नाव दुसऱ्याच कुणाचं होऊन बसतं. समुद्र ओलांडून इकडे कॉलेजात येऊन त्याला चार वर्षं झाली होती. चारही वर्षं तो नाहूपी होता, आणि नाहूपी म्हटलं तरी ओ देत होता... जेवायला बोलावलंय एवढं कळलं की पुरे.

मार्नीनं पहिल्यांदा म्हटलं, तो हसला. दुसऱ्यांदा म्हटलं, तो जरा कमी हसला.

"नाहो—ओपि—ई."

तिसऱ्यांदा तो हसलाच नाही. तोंडाशी नेलेली पट्टी हातातच राहिली.

दर वर्षी मे अखेरीस छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा ह्याच गावात भरायची. दोन नद्यांच्या बेचक्यातलं, गव्हाच्या टेकड्यांनी वेढलेलं गाव. दहा संघ यायचे, आणि जो दोनदा हरेल त्यानं सामान बांधायचं. एकतीस वर्षं माइक वॉल्ट प्रुइटकडे होता. हिवाळ्यात वॉल्ट गेला. त्याचा भाऊ डेल हा स्पर्धेच्या समितीचा प्रमुख. मार्नी धान्याच्या गोदामात ट्रकचे नंबर पुकारायची. पोरीच्या आवाजाला भरलेले ट्रक थांबतात, खेळाडूही वळून बघतील, एवढं म्हणून डेलनं ह्या वर्षापुरता माइक तिच्या हाती दिला होता. नीट जमलं तर पुढे बघू. आठ वर्षांची असल्यापासून मार्नी आरशासमोर कंगवा धरून नावं पुकारत आली होती. तिला माइकच्या खोलीतली ती खुर्ची हवी होती, दर मे महिन्याला, म्हातारी होईपर्यंत.

पहिल्या सामन्यात तिनं नाव पुकारलं, दोन्ही थांब्यांसकट. बॅट घेऊन निघालेला कविका अर्ध्या वाटेत थबकला. वर माइकच्या खोलीच्या काचेकडे बघून त्यानं टोपीला बोट लावलं, आणि पहिल्याच चेंडूवर असा फटका मारला की कुंपणापलीकडच्या गाड्यांचे मालक उठून उभे राहिले.

सामना संपल्यावर तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होता. आई घरी बसून कॉम्प्युटरवर सामना ऐकते, त्यानं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच घराण्याचं नाव नीट ऐकलं म्हणून रडायला लागली, फोनच ठेवून दिला. मग बुटाची माती झाडत, अगदी सहज म्हणाला, "आता थोडेच दिवस. मोठ्या व्यावसायिक संघांनी मला विचारलेलं नाही, विचारणारही नाहीत. इथला शेवटचा सामना झाला की माझं नाव मैदानावर कुणी पुकारणार नाही."

"वाईट वाटतं?"

"कालपर्यंत वाटत नव्हतं," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघायचं सोडून पुन्हा बूट झाडायला लागला.

मग काय झालं, ते गावाला आधी कळलं, मार्नीला मागाहून. पहिल्या दिवशी नावातला थांबा पापणी लवण्याएवढा होता. दुसऱ्या दिवशी तो श्वासाएवढा झाला. तिसऱ्या दिवशी एवढा लांबला, की त्यात माणसानं सूर्यफुलाची बी फोडावी, चावावी आणि टरफल थुंकून मोकळं व्हावं. बेकरीतल्या बायका तिला पाव देताना उगीच हसू लागल्या. गोदामातला एक ड्रायव्हर म्हणाला, "आमचे नंबर पण कधी असे थांबून थांबून घे की बाई." मार्नी कानापर्यंत लाल झाली. आणि संध्याकाळी पायरीवर दोघं बसले, की बोलणं नदीतल्या माशांवर, त्याच्या कॉलेजातल्या मत्स्यशास्त्रावर, तिच्या ट्रकांवर... आणि जे बोलायचं ते सोडून सगळ्यावर.

चौथ्या दिवशी, मॉन्टानाचा सामना मध्यावर असताना, टेकड्यांवरून सर आली. मैदानावर ताडपत्री ओढली गेली, आणि ओली टोपी हातात घेऊन डेल जिना चढून वर आला. समोरच्या संघाच्या प्रशिक्षकानं तक्रार केली होती, की आमच्या पोरांची नावं ही मुलगी पोती मोजल्यासारखी पुकारते, आणि एका नावाला मात्र मध लावते. डेल हे सगळं काचेकडे बघत बोलला. मग तिच्याकडे वळला.

"पोरी, तुला नाव पुकारायला ठेवलंय. नाव घ्यायला नाही."

आणखी एक तक्रार आली तर उद्या ह्या खुर्चीत दुसरं कुणीतरी असेल, म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

सर थांबली, खेळ सुरू झाला. कविकाची पाळी आली. तिनं नाव म्हटलं. सपाट, घाईघाईनं, दोन्ही थांबे गिळून.

खाली तो एक पाऊल चुकल्यासारखा चालला. वर बघितलं नाही. तीन चेंडूंत बाद झाला, संघही हरला. त्या संध्याकाळी जिन्याची खालची पायरी रिकामी होती.

रात्री तिनं मनाशी हिशेब घातला. एक नाव लहान करून बाकीची मोठी होत नाहीत. फक्त एक माणूस लहान होतो. सकाळी गोदामातून सुट्टी घेतली, यादी आणि पेन्सिल घेतली आणि मैदानावर गेली. आधी त्या दिवशी मॉन्टानासमोर खेळणाऱ्या संघाकडे. प्रत्येकाला तिनं एकच विचारलं, तुझी आई घरी तुझं नाव कसं घेते? आधी मुलं खिदळली, कोपरानं एकमेकांना ढोसलं. मग एकानं सांगितलं, आणि सगळे सांगू लागले. नेब्रास्काच्या एका धिप्पाड पिचरनं आपलं आडनाव तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं, आणि चौथ्या वेळी टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, आजोबा असंच म्हणायचे.

शेवटी ती मॉन्टानाच्या बाकाशी आली. चोविसांना विचारलं. पंचविसावा हातमोज्याची दोरी आवळत बसला होता.

"माझं तर येतं तुला," तो मान वर न करता म्हणाला. "निदान यायचं."

"येतं. काल भ्याले मी."

"आणि आज?"

"आज सगळ्यांना पुरेल एवढा आवाज आणलाय."

त्यानं आता कुठे वर बघितलं. दोरी सुटली ती सुटलीच.

त्या दुपारी पन्नास नावं पन्नास माणसांसारखी मैदानावर उतरली. मुलं बॅट घेऊन येताना जरा ताठ चालत होती. कविकाच्या नावात थांबा होता तेवढाच, अक्षरापुरता, तसूभरही जास्त नाही. डेल मागच्या स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. जागचा हलला नाही, आणि काही खटकलं नसलं की डेल हलत नाही, हे गावाला माहीत होतं.

नववा, शेवटचा डाव आला. मॉन्टाना एका धावेनं मागे, तिघांपैकी दोघे बाद, आणि बॅट घेऊन कविका. हे नाव शेवटचं असू शकतं, हे तिला ठाऊक होतं, त्यालाही. तिनं ते म्हटलं. चेंडू उंच गेला, खूप उंच, आणि कुंपणाला पाठ टेकलेल्या खेळाडूच्या हातमोज्यात अलगद उतरला. दुसरी हार. कविका बेसपाशी क्षणभर उभा राहिला, आणि हसला.

मॉन्टानाची बस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुटणार होती. त्याच दिवशी अंतिम सामना होता. मार्नीनं मन लावून नावं पुकारली, एकही चुकलं नाही. सामना संपला, करंडक उचलला गेला, माणसं टेकड्यांकडे पांगली. डेलनं माइकची वायर गुंडाळली. "पुढच्या मे महिन्यात दुसरं काही ठरवू नकोस," एवढं बोलून तो खाली उतरला. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं, आणि तरीही ती यादीवर हात ठेवून बसून राहिली.

"तिसऱ्या रांगेत होतो," दारातून आवाज आला. "एकदाही बघितलं नाहीस."

कविकाच्या खांद्याला पिशवी नव्हती. बस गेली, त्यानं सांगितलं, तो गेला नाही. पहाटेच उठून नदीकाठच्या मासे वाढवण्याच्या केंद्रात जाऊन काम आहे का विचारून आला. सोमवारी कळवतो म्हणाले.

मार्नीला पुष्कळ सुचलं. ओठांवर मात्र खरं तेच आलं.

"आज यादीत तुझं नाव नव्हतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं नव्हतं. तरी नऊ डाव मी... सारखी शोधत होते."

तो दोन पावलं आत आला, आणि यादीवरचा तिचा हात त्यानं आपल्या हातात घेतला. पेन्सिल घरंगळत जमिनीवर गेली. ती उचलायला कुणीच वाकलं नाही.

"आणि सोमवारी ते नाही म्हणाले तर?" तिनं विचारलं.

"तर मंगळवारी पुन्हा विचारीन."

"बुधवारी?"

"बुधवारी तुझ्या गोदामात. पोती उचलता येतात मला."

ती हसली, तसा तोही हसला. खाली मैदानावर पाणी मारायला सुरुवात झाली होती, ओल्या मातीचा वास वर येत होता. पलीकडच्या टेकड्यांवर ऊन अजून भरपूर होतं, गहू हिरवाच होता, त्याला पिकायची काही घाई नव्हती... आणि सहा दिवसांत पहिल्यांदाच, त्या दोघांनाही नव्हती.