हेल्मरच्या फाटकातली दहा मिनिटं

"एखादी मुंगी एव्हाना रूळ ओलांडून, संसार थाटून, नातवंडं खेळवत बसली असती…"

मक्याने भरलेल्या ट्रकमध्ये बसून आर्डिस लुंडीन स्वतःशीच पुटपुटली. खिडकीखालून उत्तर आलं, "मुंगीला ट्रक न्यायचा नसतो, बाई."

खाली रेल्वेचा माणूस उभा होता. तेलकट हातमोजे, कानावर पेन्सिल, आणि हसू असं की रागावणं अवघड व्हावं. समोर मालगाडी रस्ताभर आडवी पसरलेली. हेल्मर गावात सुगीला हे रोजचंच. धान्याची कोठारं रुळांपलीकडे, शेतं अलीकडे, आणि मध्ये डबे भरत उभी गाडी.

"नियम काय सांगतो?" आर्डिसने विचारलं.

"दहा मिनिटांच्या वर रस्ता अडला, तर डबे सोडवून वाट करून द्यायची."

"आणि झाली किती?"

त्याने खिशातलं घड्याळ काढलं. "सात."

"माझ्या घड्याळात चौदा."

"तुमचं घड्याळ रागावलंय."

पण तो गेला. दोन डब्यांमध्ये वाकला, ब्रेकची हवा फुस्सकन सुटली, गाडीचा पुढचा भाग सरकला, आणि मधल्या फटीतून ऑक्टोबरचं पिवळं ऊन रस्त्यावर सांडलं. जाताना आर्डिसने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. हेल्मरमध्ये आभार, रामराम, सांत्वन, सगळं त्या एका बोटात भागतं. त्याने मात्र अख्खा हात हलवला, वर टोपीही.

"परका दिसतोय," ती म्हणाली, आणि कोठारापर्यंत हसत राहिली.

त्याचं नाव ओरिन केस्लर. दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी तिने खिडकीतून एक सफरचंद पुढे केलं.

"लाच?"

"दया. किती वाळलाय तुम्ही!"

"मग रोज दया करा… मी रोज वाळतो."

आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. ओरिनला एक बोट उचलायला जमू लागलं. गंमत अशी, की पूर्वी चार मिनिटांत सुटणारे डबे आता बरोबर दहा घेऊ लागले. कडी अडकायची. हातमोजा हरवायचा. आर्डिसच्या मागे रांगेत विलार्डकाका असायचे, गावातले सर्वांत जुने शेतकरी. त्यांना सगळं दिसत होतं. ते फक्त म्हणायचे, "वारा सुटलाय आज." मागचा ट्रकवाला म्हणायचा, "सुटलाय खरा."

न बोलण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. स्टेशनच्या दारावर नोटीस लागली होती: डिसेंबरपासून हा रेल्वेमार्ग कायमचा बंद. प्रत्येकाचा आजा-पणजा त्याच गाडीने, एका पेटीनिशी इथे उतरलेला. सगळ्यांनी नोटीस वाचली. मग कॉफीच्या दुकानात बसून म्हणाले, यंदा मक्यात ओल जरा जास्तच आहे.

ओरिनची बदली पार पश्चिमेला, वायोमिंगला होणार होती, कोळशाच्या गाड्यांवर. नऊशे मैल. हे त्याने आर्डिसला सांगितलं ते बुटांकडे बघत.

"तिकडे डोंगर आहेत म्हणे," ती म्हणाली.

"आहेत. तुला… तुला डोंगर…" तो थांबला. तिच्या ट्रकच्या दारावर तिच्या वडिलांचं नाव होतं, शेताचं नाव होतं. "तुला ते मागचं चाक बघून घ्यायला हवं. हवा कमी आहे."

चाकात हवा पुरेशी होती. दोघांनाही ठाऊक होतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आर्डिसच्या आईने त्याला जेवायला बोलावलं. भाजलेली कोंबडी, बटाटे, दोनदा वाढलेली ग्रेव्ही. जेवण झाल्यावर बाबांनी दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली. "चला तर मग…"

आमच्याकडे याचा अर्थ निरोपाला सुरुवात झाली एवढाच. टेबलापासून दारापर्यंत वीस मिनिटं गेली, दारापासून पायरीपर्यंत पंधरा. आईने उरलेली कोंबडी बांधून दिली, मग बटाटे, मग डबा परत आणायची घाई नाही असं म्हणाली, आणि ओठ चावला.

ओरिन आपल्या मोटारीत बसला. काच खाली केली. इंजिन सुरू झालं.

"रस्त्यावर हरणं असतात हं," आई म्हणाली.

"हो काकू."

"पश्चिमेचा वारा आहे," बाबा म्हणाले. "समोरून लागेल."

"हळूच नेतो."

"हरणं संध्याकाळी जास्त," आई पुन्हा म्हणाली.

आर्डिसचा हात खिडकीच्या कडेवर होता. थंडीने बोटं लाल झाली होती. ओरिनने त्या बोटांकडे पाहिलं, गिअरकडे पाहिलं, पुन्हा बोटांकडे.

"पुरे!" आर्डिस म्हणाली.

"काय पुरे, बाळा?"

"हरणं! वारा! आई, रेल्वे बंद होतेय. रविवार संपला की तीन दिवसांनी या गावातून गाडी जाणार नाही, पुन्हा कधीच नाही, आणि सगळं गाव मक्याच्या ओलीबद्दल बोलतंय."

बाबांनी टोपी काढली. काय करावं ते न सुचून हातातच धरून राहिले. इंजिन बंद झालं होतं; कधी, ते कुणालाच कळलं नाही.

"आणि तू," ती ओरिनकडे वळली. "इथे राहा, नाहीतर मला तिकडे ने. शेत काय, डोंगर काय… मला चालेल. एकटा मात्र जाऊ नकोस. माझं प्रेम आहे तुझ्यावर."