सुन-रे आजीचं अर्धं पान

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घालायला अंगात त्राण तरी हवं.

मी कोरियातल्या थोंगयोंग या बंदराच्या गावात घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करतो. अठरा वर्षं झाली. ही गोष्ट गेल्या जानेवारीतली. गुरुवार, दुपारचे तीन. त्या दिवसाचं ते पाचवं घर होतं, अजून तीन उरली होती. सकाळपासून पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं.

बंदरामागच्या चढावर थाक सुन-रे आजी एकटी राहते. तिचा नवरा, ग्वांग-पिल आजोबा, वर्षापूर्वी गेले.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. आणि हिचं दार मात्र वीतभर उघडं...

"आजी, दार लावू का?"

"नको रे मिस्त्री. उद्या यांचं वर्षश्राद्ध. दार बंद असलं तर आत कसे येतील?"

"ते उद्या ना! आज कशाला?"

"यांना वेळेचं भान कधी होतं?"

मी बूट काढून आत गेलो.

ब्राउझरमध्ये कुठलंही पान उघडलं की अर्ध्यावर येऊन थांबायचं. वर मजकूर, खाली नुसतं पांढरं. बँकेच्या आणि सरकारी कामांसाठी आमच्याकडे सुरक्षेचे डझनभर प्रोग्राम घालावे लागतात. ते एकमेकांच्या उरावर बसलेले. त्यात साठून राहिलेली जुनी पानं. नेहमीचंच दुखणं.

"बाकीचं मरू दे," आजी म्हणाली. "हे एवढं पान नीट कर."

आजोबांच्या अस्थी जिथे ठेवल्या होत्या, त्या अस्थिगृहाचं ते पान. गेलेल्या माणसाच्या नावाने तिथे पत्र लिहिता येतं. आजी रोज लिहायची.

जेवलात का? आज नळ गोठला. तुमचा कोट अजून टाकवत नाही.

आणि प्रत्येक पत्राखाली... उत्तर होतं.

जेवलो. नळाला गरम फडकं गुंडाळ. कोट टाक आता.

मला वाईट वाटलं. बिचारी दोन्ही बाजूंनी स्वतःच लिहीत असणार. एकट्या माणसांच्या घरी मी याहून विचित्र गोष्टी पाहिल्या आहेत.

"उद्या ताटात काय हवं म्हणून विचारलंय," ती म्हणाली. "उत्तर आलंय, पण अर्धंच दिसतंय. तेवढं वाचून दे, म्हणजे बाजारात जाते."

शेवटची ओळ होती, मासा नको. मला फक्त...

पुढे पांढरं.

आजी माझ्यासाठी पेअर कापायला स्वयंपाकघरात गेली. सुरीचा आवाज येत होता. मी पान बंद करून पुन्हा उघडलं.

मासा नको. या ओळीच्या वर आता आणखी एक ओळ होती...

आधी त्याला भात वाढ. सकाळपासून उपाशी आहे.

कीबोर्ड माझ्या मांडीवर होता.

सुरीचा आवाज थांबला. दार किंचित हललं. वारा असेल...

खरं सांगतो, मला फक्त तिथून निघायचं होतं. काम संपवावं आणि सुटावं. अशा वेळी हात सवयीने चालतात. साठवलेली सगळी पानं पुसायची, ब्राउझर पुन्हा चालू करायचा. दोन मिनिटांचं काम. पुसण्याआधी पडद्याचा फोटो काढून ठेवायचा असतो, हे मला काही कालच कळलेलं नाही.

मी पुसलं.

पान पूर्ण उघडलं. अगदी स्वच्छ. आजीची साडेतीनशे पत्रं, एकाखाली एक.

उत्तर एकही नाही...

आजी बशी घेऊन आली. चष्मा लावून वाचू लागली. वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली.

"मिस्त्री, हे कुठे गेले?"

मी अस्थिगृहात फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "आमच्याकडे फक्त पत्रं लिहिता येतात साहेब. उत्तराची सोयच नाही. उत्तर देणार कोण?"

म्हणजे ती उत्तरं फक्त त्या एका संगणकात होती. आणि आजीला तर एका बोटाने तीन ओळी लिहायला अर्धा तास लागायचा.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "फक्त काय हवं होतं रे त्यांना?"

बशीतला पेअर मी तसाच ठेवून आलो.

शनिवारी तिचा फोन आला.

"मासा सोडून सगळं केलं मिस्त्री. दोन दिवस उभी होते. नेमकं काय हवं ते कळलं नाही, म्हणून सगळंच मांडलं. दार सताड उघडं ठेवलं होतं. पण दारातून वारासुद्धा आला नाही..."

मी माफी मागितली. तोवर तिने फोन ठेवला होता.

आता माझ्या घरच्या संगणकावरही पानं अर्ध्यावर थांबतात. त्या शनिवारपासून. वर मजकूर, खाली पांढरं. बायको रोज ओरडते, गावाचं दुखणं काढतोस आणि घरचं पडून.

दोन मिनिटांचं काम आहे.

मी करत नाही. रात्री घरी आलो की त्या पांढऱ्या जागेकडे बघत जेवतो.