खोरातलं सांदण

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला पटली नाही तरी माझं काही म्हणणं नाही. मलाही पटू नये असंच वाटतं.

ज्याच्यासोबत घडली तो जहूर शाळेत माझ्या बाकावर बसायचा. आम्ही दोघेही गुहागरच्या बाजूचे. सध्या तो मस्कतला, अल् घुब्रात, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो. त्याने मला हे तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा एक शब्दही बदलला नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. लख्ख उन्हातली आहे. तेरा फेब्रुवारी २०२४, मंगळवार, दुपारी साधारण एक वाजता.

जहूर तेव्हा एका छोट्या जहाजावर आचारी होता. आठ खोल्या, पंधरा-सोळा गोरे पाहुणे. मस्कतहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने वर मुसंदमपर्यंत जायचं. रोज एक नवं बंदर, तिथला जुना किल्ला, तिथलं जेवण. संध्याकाळी डेकवर वाइन. कुठली वाइन कुठल्या माशासोबत, हे सांगायला एक वेगळा माणूस होता. जहूर त्या बाटल्यांना हात लावत नसे. तो मासे, भात आणि सुकवलेल्या लिंबाचा रस्सा बघायचा.

ओमानमध्ये बारमाही वाहणारी नदी नाही. पण मुसंदमला समुद्र डोंगरांच्या आत शिरतो. त्याला तिथे 'खोर' म्हणतात. दोन्ही बाजूंना उघडे काळे कडे आणि मधून अरुंद, शांत पाणी. अगदी नदीच वाटते. पाहुणे त्यासाठीच यायचे.

त्यातल्या एका खोरात एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही.

वीसेक दगडी घरं. रस्ता नाही, फक्त बोटीने जाता येतं. विहिरीचं पाणी खारं झालं म्हणून माणसं उठून गेली. जहाज त्या मोसमात पहिल्यांदाच तिथे थांबलं होतं. पाहुणे गाइडबरोबर वर जुनी टाकी बघायला गेले. जहूर एकटा खाली, बोराच्या झाडाच्या सावलीत, जेवणाची चादर अंथरत होता.

तेव्हा त्याला आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

नारळ खवण्याचा आवाज.

जहूर सांगतो, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. पण त्या डोंगरात बोर-बाभळीशिवाय काही उगवत नाही. तिथे नारळ कुठून येणार?

तो आवाजाच्या मागे गेला. शेवटून दुसरं घर. दार उघडं होतं. आत एक म्हातारी बसली होती. काळी ओढणी, तोंडावर तिकडच्या जुन्या बायका बांधतात तसा मुखवटा. चुलीवर पातेलं, पातेल्यातून वाफ. जहूरला वाटलं, बकऱ्या राखायला राहिली असेल एखादी. तिकडे तसं असतं.

त्याने सलाम केला. ती उठली. अॅल्युमिनियमच्या ताटलीत काहीतरी काढून तिने त्याच्या हातात दिलं.

सांदण.

तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या दुधातलं, वाटीत वाफवलेलं पांढरंशुभ्र सांदण. त्याची मा ईदला करायची तसं.

चौदा वर्षं आखातात काढली, पण एकाही ओमानी घरात त्याने हे पाहिलं नव्हतं. त्याने तुकडा तोंडात टाकला.

आणि दाताखाली मिऱ्याचा दाणा आला.

इथे थोडं थांबून अरमानबद्दल सांगायला हवं.

अरमान म्हणजे जहूरचा धाकटा भाऊ. वात्रट पोरगा. मा सांदण करायला बसली की हा गुपचूप एका वाटीत मिऱ्याचा एक दाणा टाकायचा. ज्याच्या तोंडात येईल तो हरला. आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात हे असले उद्योग करणारं दुसरं कुणी नव्हतं. मोठा झाल्यावर जहूरनेच त्याला ओमानला आणलं. खाबुरा गावच्या एका अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मासेमारी बोटीवर लावून दिला. २०१८च्या नोव्हेंबरात ती बोट गेली ती परत आली नाही. बोटीवर तिघे होते. दोघांची प्रेतं मिळाली.

अरमानचं मिळालं नाही.

गावी त्याची बायको मुनिबा. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. पाच वर्षं ती दाराकडे बघत बसली. शेवटी जहूरनेच तिला समजावलं, कोर्टाचा कागद करून घेतला, महाडचं एक स्थळ पाहिलं. विधुर होता, शाळेत मास्तर, माणूस भला. निकाह ठरला होता त्याच रविवारी.

म्हणजे पाच दिवसांनी.

जहूरने ताटली खाली ठेवली.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्याने मोडक्या अरबीत विचारलं.

"अखूक," म्हातारी म्हणाली. तुझ्या भावाने.

"कुठे आहे तो?"

तिने पाण्याकडे हात केला. "समुद्रावर गेलाय. असरनंतर येतो."

असरची नमाज म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला. अजून पावणेतीन तास होते.

तेवढ्यात कमरेचा वॉकी खरखरला. बोटीवरून रय्यान बोलत होता. रय्यान मुसंदमच्याच खसब बंदराचा, पाहुण्यांची छोटी बोट तोच चालवायचा.

"जहूर, वारा फिरतोय. जेवण बोटीतच देऊ. यल्ला, यल्ला!"

जहूरने विनवण्या केल्या, तासभर तरी थांब म्हणाला. पण कारण सांगितलं नाही. त्याला वाटलं, अरमान पाच वर्षं बिनकागदाचा राहतोय, पोलिसांना कळलं तर आत जाईल. रय्यान थांबला नाही. जहूर म्हातारीला म्हणाला, "त्याला सांग, भाई येऊन गेला. दोन आठवड्यांनी परत येतो."

ती खाली बसून परत खवायला लागली.

खर्र... खर्र...

खसब जवळ आलं तशी मोबाइलला रेंज मिळाली. जहूरने सगळ्यात आधी मुनिबाला फोन लावला.

"निकाह थांबव. अरमान जिवंत आहे."



"शपथ घ्या, भाईजान."

"अल्लाची शपथ. त्याने शिकवलेलं सांदण खाऊन आलोय मी."

तिने फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत महाडला नकार गेला.

त्या रात्री जहूर पाच वर्षांत पहिल्यांदा शांत झोपला. तेवढी एकच रात्र.

दुसऱ्या दिवशी न राहवून त्याने रय्यानला विचारलं, "त्या खोरात शेवटून दुसऱ्या घरात कोण राहतं रे?"

रय्यान दोर गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"कुणी नाही, दोस्ता. माझ्या आईचं माहेर ते. शेवटचं माणूस उठून बारा वर्षं झाली. प्यायला पाणीच नाही, राहील कोण?"

जहूरने ते मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर मुनिबाला काय तोंड दाखवणार होता?

सत्तावीस फेब्रुवारी. पुढची फेरी. या वेळी पाहुणे जहाजावरच थांबले. जहूरने हातापाया पडून रय्यानला एकट्याला बोट काढायला लावली. साडेतीनला दोघे किनाऱ्याला लागले. रय्यान बोटीतून उतरला नाही.

"अर्धा तास," तो म्हणाला. "त्याच्यावर एक मिनिट नाही."

जहूर त्या घरापाशी गेला. तेच दार... पण दार नव्हतंच. नुसती चौकट होती.

छप्पर आत कोसळलेलं. जमिनीवर गुडघाभर वाळू आणि बकऱ्यांच्या जुन्या लेंड्या. चूल नाही. राख नाही. भिंतीवर धुराचा डाग नाही. वाळूत त्याच्या स्वतःच्या पावलांशिवाय दुसरं पाऊल नाही.

त्याने एकेक घर पाहिलं. अरमानच्या नावाने हाका मारल्या. समोरच्या कड्यावरून हाक परत यायला हवी होती.

आली नाही.

मग त्याच्या लक्षात आलं... समुद्रपक्षी गप्प झालेत. किनाऱ्यावर येणारं पाणीही गप्प झालंय. पाणी हलत होतं, पण आवाज नव्हता.

तो परत फिरला. बोटीपासून पन्नास-साठ पावलांवर असेल.

छप...

मागून, किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून.

छप... छप...

वल्ह्याचा आवाज. सावकाश, दमलेल्या माणसाने मारावं तसं वल्हं. मग गोट्यांवरून नाव ओढल्याची लांब घरघर. मग गोट्यांवर पावलं.

पावलं थांबली. अगदी पाठीशी.

"भाई... थांबलास ना?"

आवाज अरमानचा. सर्दी झाल्यासारखा, नाकातला, पण अरमानचाच.

ज्या आवाजासाठी तो पाच वर्षं तळमळला होता, तो हातभर अंतरावर होता. आणि जहूर पळाला. मागे न बघता पळाला. गोट्यांवर पडला, गुडघे फुटले, उठून पुन्हा पळाला आणि बोटीत कोसळला.

रय्यानने दोरही सोडला नाही, सुरीने कापला. खोराच्या तोंडाबाहेर येईपर्यंत त्याने वेग कमी केला नाही. मग समोर बघतच म्हणाला,

"तुझ्यामागचा माणूस बोटीत का नाही चढला?"

जहूरने त्याचा दंड धरला. "कोण होता? कसा होता? सांग!"

"मला नको विचारू. खलास."

पुढच्या महिन्यात रय्यानने काम सोडलं. खसबला जहूर त्याच्या घरी दोनदा गेला. दोन्ही वेळा बायकोने दारातूनच सांगितलं, घरी नाहीत. आत त्याचा खोकला ऐकू येत होता. दुसरा कुठला नाविक त्या खोरात जायला तयार झाला नाही. कंपनीनेही तो थांबा काढून टाकला.

आता जहूर मस्कतमध्येच, अल् खुवैरला, एका ऑफिसच्या कँटीनला आहे. समुद्राकडे जात नाही. केस पार पिकलेत.

एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून तो म्हणाला, "मेला असेल, तर मी त्या पोरीला मेलेल्याच्या नावाने जन्मभर बांधून ठेवली. आणि जिवंत असेल..."

मग उठून तो खाली, त्याच्या घरी गेला.

मुनिबाला त्याने सगळं सांगितलंय. पडकं घर, तो आवाज, रय्यानचं बोलणं, काहीही लपवलं नाही. वाटलं, ऐकून तरी ती वाट बघणं सोडेल. पण तिने त्यातलं एकच धरून ठेवलं... दुसऱ्या माणसाने त्याला पाहिलं. महाडच्या मास्तरांनी रमजाननंतर दुसरीकडे निकाह केला. त्यानंतर दोन स्थळं आली. तिने त्यांना चहासुद्धा दिला नाही.

दर जुम्म्याला तिचा फोन येतो. रडणं नाही, भांडण नाही. घरची खुशाली विचारते. जहूर फोन कानाला लावून डोळे मिटून बसतो, कारण पुढचा प्रश्न त्याला ठाऊक असतो.

"भाईजान, तुम्ही एकदा मागे का नाही बघितलंत?"