एकशे चौदा तारा

पाळणा पडल्याचं सर्जेरावांना सकाळी साडेदहाला कळलं. विमा कंपनीच्या जयपूर शाखेत फोन आला. बस्सीच्या रस्त्यावर पाण्याची उंच टाकी बांधत होते. तिथला माणसं वर नेणारा पाळणा दोर तुटून साठ फुटांवरून कोसळला होता. आत एकच माणूस होतं. सर्जेरावांची बायको, विभा. ती त्या कामावर नकाशे काढायची.

त्या कामाचे इंजिनियर उमाकांत सर्जेरावांच्या शेजारीच राहायचे. तक्रार त्यांनी लिहून आणली : भंवरलाल मिस्त्रीने जास्त वजन भरलं. सर्जेरावांनी न वाचता सही केली. पोलीस थान्यात मारहाणीत मिस्त्रीच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सर्जेराव दोर बघायला गेले. अपघातांची पाहणी हीच त्यांची नोकरी.

तुटलेलं टोक ग्रीसने माखलं होतं. त्यांनी ते रॉकेलने धुतलं. दोर एकशे चौदा तारांचा. सात तारा टोकाशी ताणून बारीक झाल्या होत्या. बाकीच्या कापल्यासारख्या सपाट, चमकत्या.

तिथून ते थान्यात भंवरलालकडे गेले.

"वजन किती होतं?"

"दस क्विंटल से थोड़ा ऊपर, साहब. बाईजी चढ़ीं तब पालने में और कुछ नहीं था. उतरते वक़्त ऊपर पालना रोकने की खिट्टी पर टिकाकर मैंने लोहे की प्लेटें भरीं. खिट्टी निकाली और रस्सी गई."

"प्लेटा भरायला कुणी सांगितलं?"

"इंजिनियर साहब ने. बाईजी को भी उन्होंने ही भेजा था."

"दोर किती वजनाला तुटतो?"

"एक टन लिखा है. एक टन से ऊपर टूटेगा."

"तो तुटावा म्हणून तू किती तारा कापशील?"

भंवरलाल रडायला लागला. "मैं क्यों काटूँगा?"

"किती?"

"दो-चार में हो जाएगा, साहब."

संध्याकाळी थानेदाराला घेऊन सर्जेराव उमाकांतांकडे गेले.

"या सर्जेराव. चहा सांगू?"

"नको. दोर का तुटला?"

"एक टनाचा दोर, अर्धा क्विंटल जास्त भरला. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

सर्जेरावांनी साइटच्या विम्याचा फॉर्म पुढे ठेवला. "इथे फॅक्टर ऑफ सेफ्टी लिहिलाय. दहा. अक्षर तुमचं."

"मग?"

"दोर जितक्याला तुटतो, त्याचा दहावा भाग वजन त्यावर लिहायचं. म्हणजे एक टन लिहिलेला दोर दहा टनांना तुटतो. अर्ध्या क्विंटलने काही होत नाही. मिस्त्रीला हे ठाऊक नाही. त्याने दोन-चार तारा कापल्या असत्या आणि माझी बायको सुखरूप खाली आली असती."

उमाकांतांनी फॉर्म उलटा करून ठेवला.

"कापणाऱ्याने एकशे सात कापल्या. उरलेल्या सात सहा क्विंटल पेलतात. रिकामा पाळणा तीनचा, विभा अर्ध्याची. वर जाईपर्यंत टिकायला हवा, भरल्यावर तुटायला हवा. हा हिशोब साइटवर तुम्हा एकट्याला येतो. त्या दिवशी काय भरायचं तेही तुम्हीच ठरवलं. कशासाठी?"

"टाकीच्या खांबांत सळ्या कमी आहेत," उमाकांत म्हणाले. "तिने नकाशावरून मोजल्या. दिल्लीच्या साहेबांना सांगणार होती. मी दोनदा समजावलं. हट्टी होती तुमची बायको."

थानेदाराने बेड्या काढल्या. उमाकांतांनी हात पुढे केले.

"साठ फूट म्हणजे दोन सेकंद," ते म्हणाले. "तेवढ्यात तिला काय कळलं असेल? आणि तक्रारीवर सही तुमची आहे, सर्जेराव. ती बोटं तुमच्या खात्यात."



दुसऱ्या दिवशी भंवरलाल सुटला. टाकीचं काम थांबलं. दोराचं टोक पुरावा म्हणून थान्यात जमा झालं. भंवरलाल आमेरला राहतो, तिकडची बस सर्जेरावांच्या घराजवळून सुटते. ते अजून त्याच्याकडे गेलेले नाहीत.