आठ वाजून चार मिनिटं

"उतरा खाली. ते विभागाचं घड्याळ आहे, तुमच्या काकांचं नाही."

खुर्चीवर चढलेला तरुण वळला, हसला... आणि काटा पुढे सरकवूनच उतरला. "सात मिनिटं मागे होतं. बघवेना हो."

तो घड्याळं दुरुस्त करायचा. रक्तदाबाच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी वडिलांना रुग्णालयाच्या या विभागात घेऊन आला होता. आणि रागावणारी ती, त्या चाचणीच्या नोंदी तपासणारी. तिच्या नजरेतून एकही चूक सुटत नसे, म्हणून सगळे तिला चाळणी म्हणत. विभागाचं कामच तसं. औषधानं खरंच गुण येतो की नुसता भास, हे ठरायचं रुग्णांच्या वह्यांतल्या आकड्यांवर; रोज घरी रक्तदाब मोजून ते वेळेसकट वहीत लिहायचे. खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे तिलाही ठाऊक नसे.

दर महिन्याला बापलेक येत. तो आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा, मग तिच्याकडे. "दोन्ही ठीक चाललंय," म्हणायचा. हसू दिसू नये म्हणून ती फाईलमध्ये तोंड खुपसायची.

तिसऱ्या खेपेला मात्र वही पाहून तिच्या काळजात धस्स झालं. साठ दिवसांच्या नोंदी, सगळ्या बरोब्बर आठच्या. एकच तेवढी आठ-चारची, तीही कारणाविना... खऱ्याचा आव आणायला घातल्यासारखी. एका बैठकीत रचलेल्या वह्या तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, वही खोटी ठरली तर वडिलांचं नाव चाचणीतून कमी करावं लागेल. आणि ते तर आताशा तीन जिने न थांबता चढू लागले होते! पण तिला खरं टोचत होतं ते वेगळंच. हा माणूस खोटं बोलला असेल?

तिनं विचारलं तसा त्याचा चेहरा उतरला. वाद मात्र घातला नाही. आठला घरातली सगळी घड्याळं एकदम वाजतात, तेव्हाच बाबांच्या दंडाला पट्टा बांधतो, एवढंच म्हणाला आणि रक्तदाबाचं यंत्र टेबलावर ठेवलं. "यात वेळ साठून राहते. बघा तुम्हीच."

मनात देवाचा धावा करत तिनं बटण दाबलं. आठ. आठ. आठ... आणि त्याच एका दिवशी, आठ-चार.

"देवा, सुटले," ती मोठ्यानंच बोलून गेली.

"तू कशी सुटलीस गं पोरी?" वडील म्हणाले. "अडकलो होतो आम्ही."

तिचे कान लाल झाले. वही पुढे सरकवत ती पुटपुटली, "कारणाचा रकाना... तो भरल्याशिवाय मला वही मिटता येत नाही."

त्यानं पेन घेतलं, जरा घुटमळला, मग लिहिलं — विभागातून तुमचा आठवणीचा फोन आला. तुमचं बोलणं संपलं, तरी फोन ठेवावासा वाटेना.

चार मिनिटं? तिनं केलेला तो फोन तिला तर क्षणभराचाच वाटला होता...

वही घेऊन ती थेट डॉक्टरबाईंकडे गेली. वही खरी आहे, पण ही फाईल आजपासून दुसऱ्या कुणाकडे द्या, म्हणाली.

डॉक्टरबाईंनी ती ओळ वाचली. चष्म्यावरून दाराबाहेर पाहिलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा होता, उगीचच.

"हे त्याचं कारण झालं. तुझं काय लिहू?"

"तेच लिहा, मॅडम," ती हळूच म्हणाली. "फोन मीही ठेवला नव्हता."